ओतणाऱ्याचा हात

माहीम म्हटले, की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ठराविक चार गोष्टी उभ्या राहतात : समुद्राकाठचा पडका किल्ला, मखदूमबाबांचा दर्गा, बुधवारच्या नोव्हेनाला माणसांनी फुलून जाणारे सेंट मायकेलचे चर्च आणि कागदांच्या घड्यांत निजलेला माहीमचा हलवा. आम्ही माहीमकर मंडळी या यादीवर एरवी खूश असतो. परंतु आमच्या वस्तीची ओळख मला आज एका पाचव्याच गोष्टीने करून द्यायची आहे. ती गोष्ट म्हणजे ओतकाम.

हसू नका. माहीम स्टेशनाच्या पश्चिमेला, चर्चच्या आसपास, मेण ओतून केलेले हात, पाय आणि चिमुकली घरे नवसासाठी विकली जातात. हे मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. रूळ ओलांडून पूर्वेला गेलात की धारावी लागते. तिथे गेली कित्येक दशके भंगारातले ॲल्युमिनियम भट्टीत वितळवून त्याच्या लगडी ओतल्या जातात. हा धातू वितळतो ६६० अंशांना. एका बाजूला साठ, दुसऱ्या बाजूला सहाशे साठ आणि मधून लोकल धावते आहे! शास्त्र शिकायला याहून सोयीची जागा कोणती?

हलव्याला मात्र या मंडळींत जागा नाही. तो ओतता येत नाही, लाटावा लागतो. ओतायचा पदार्थ कसा, तर आपल्या वजनाने आपण वाहत जाणारा आणि भांडे देईल तो आकार मुकाट्याने घेणारा. तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? आमच्या घरी दिवसातून पन्नास वेळा काही ना काही ओतले जाते. चहा, ताक, इडलीचे पीठ, पुरणपोळीवर तुपाची धार! खरे आहे. पण चहा सांडला तर फडक्याने पुसता येतो. साच्यात ओतलेला धातू परत घेता येत नाही. दोन-तीन महिन्यांची तयारी आणि दोन-तीन मिनिटांची धार, असा हा व्यवहार आहे. ती दोन मिनिटे शांतपणे पार पडावीत म्हणून माणसाने काय काय केले, त्याची ही हकीकत.

मेणातला खळगा

माहीमच्या चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. येणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, घर हवे असेल तर मेणाचे घर. मुंबईत घराचा नवस किती जण करीत असतील, हे सांगायला नकोच.

हे हातपाय करण्याची रीत सोपी आहे. साच्याचे दोन भाग जुळवायचे, वरच्या तोंडातून पातळ मेण ओतायचे, निवले की साचा उघडायचा. परंतु यात एक खोड आहे. ती पाहायची असेल तर दिवाळीनंतर उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात घाला आणि तो डबा गरम पाण्यात ठेवा. मेण थेट आचेवर ठेवू नका, ते पेट घेते. मुले हा प्रयोग करणार असतील तर घरातले मोठे माणूस जवळ हवे. मेण वितळले की एका वाटीत काठोकाठ ओता आणि तासाभराने पाहा. मधोमध खळगा पडलेला दिसेल. वाटी भरली होती काठोकाठ, मग मेण गेले कुठे?

ते कुठेही गेले नाही. ते आकसले. मेण गोठताना सुमारे दहा टक्के कमी जागा घेते. आधी गोठते ते वाटीच्या कडेचे आणि वरचे मेण. मधले शेवटपर्यंत पातळ राहते आणि कडेची तूट भरून काढता काढता स्वतःच कमी पडते. पाण्याची तऱ्हा याच्या उलट. बर्फ होताना ते नऊ टक्क्यांनी फुगते, म्हणून फ्रीजमधली भरलेली बाटली फुटते. परंतु पाणी हा अपवाद आहे. बहुतेक धातू मेणाच्याच पंथाचे. ॲल्युमिनियम गोठताना साडेसहा टक्क्यांच्या आसपास आकसते.

मेणाच्या पायात खळगा पडला तर देवाची तक्रार नसते. पण यंत्राच्या भागात, आणि तोही आतल्या आत, डोळ्यांना न दिसणारा खळगा राहिला, तर एखाद्या दिवशी तिथेच तो भाग तडकतो. म्हणून ओतारी साच्यावर एक जादा कोठी ठेवतो. कारखान्यात तिला राइझर म्हणतात. ती मुद्दाम जाड केलेली असते, म्हणजे ती सर्वांत शेवटी गोठेल आणि तोवर खालच्या वस्तूला धातू पुरवीत राहील. खळगा पडतो तो तिच्यात, आणि वस्तू निवली की ती कापून पुन्हा भट्टीत जाते. ओतकामाचे पहिले शहाणपण हेच : खळगा टाळता येत नाही, तो कुठे पडावा एवढे मात्र ठरवता येते.

बिडाचा तवा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होता, कित्येकांच्या घरी आज पुन्हा आला आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यातला कार्बन गोठताना ग्राफाइटच्या रूपाने वेगळा होतो आणि थोडा फुगतो. त्यामुळे लोखंडाचे आकसणे बरेचसे भरून निघते. शिवाय ते पोलादापेक्षा कितीतरी कमी उष्णतेवर वितळते. बीड इतके ओतण्याजोगे आहे ते या दोन गुणांमुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बिडाचे नांगर बाजारात आणले तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर करायला त्यांना बराच धीर धरावा लागला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज कोल्हापूर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत मोटारींचे आणि इंजिनांचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्र्यांची रांगच लागली आहे.

मेण जाते, धातू राहतो

मेण आणि धातू यांचे नाते रुळांच्या दोन बाजूंना राहणाऱ्या शेजाऱ्यांएवढेच नाही. ते त्याहून फार जुने आहे. मूर्ती आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, मग माती तापवून मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे या रीतीला मधूच्छिष्टविधान असे भारदस्त नाव आहे. मधाचे उष्टे ते मधूच्छिष्ट, म्हणजे मेण.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ही रीत दिली आहे. त्यातला हिशेब मला फार आवडतो. मूर्तीला धातू किती लागेल हे आधी कसे कळावे? तर मेण तोलावे! चांदी मेणाच्या बारापट घ्यावी, सोने सोळापट. आजच्या मापाने पाहिले तर चांदी मेणाच्या सुमारे अकरापट जड भरते आणि शुद्ध सोने विसापट. चांदीचा आकडा अगदी जवळ आहे, सोन्याचा जरा दूर. पण ओतण्यापूर्वी मोजले पाहिजे, कारण धार अर्ध्यावर संपली तर सगळेच संपले, हे त्या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते.

या परंपरेला साजेसे एक मोठे काम मुंबईत झाले आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडवलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा माझगाव गोदीत ओतला गेला. पुण्यात त्याचे अनावरण १६ जून १९२८ रोजी झाले. घोड्याच्या पायांपासून स्वाराच्या जिरेटोपापर्यंत धातू पोचवायचा, वाटेत कुठे हवा अडकू द्यायची नाही आणि कुठे तो मध्येच गोठू द्यायचा नाही. पुतळ्यासमोर उभे राहून आपण शिल्पकाराला दाद देतो, ते योग्यच आहे. त्या दादेतला थोडा वाटा भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांनाही द्यावा.

किटलीचे तोंड आणि सव्वा सेंटिमीटर

आता थोडे स्वयंपाकघरात जाऊ. किटलीतून चहा हळू ओतला की तो कपात न पडता तोंडाच्या खालच्या बाजूने ओघळत टेबलावर येतो. गृहिणींना हे किटल्या झाल्या तेव्हापासून माहीत आहे. शास्त्रज्ञांनी ते गंभीरपणे घेतले १९५६ साली. मार्कुस रायनर यांनी हा प्रश्न मांडला आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर या गणितज्ञाने त्याचे एक उत्तर दिले. कडेवरून वळताना प्रवाहातला दाब भोवतालच्या हवेहून कमी होतो आणि हवाच चहाला किटलीकडे दाबून धरते. तोंडाची कड किती धारदार आहे आणि चहा तिला किती चिकटतो, यांचाही त्यात हात असतो, हे पुढच्या संशोधनात दिसले. तात्पर्य, ओतायचे तर कड धारदार हवी आणि हात कचरता कामा नये. प्रयोगशाळेत काचेच्या कांडीला टेकवून द्रव ओततात तो याच ओघळण्याचा उपयोग करून. चिकटायचेच आहे ना, मग सांगू तिथे चीक!

धातूच्या बाबतीत मात्र घाईचे भय अधिक. वितळलेल्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच दुधावर साय धरावी तशी एक पातळ साय धरते. तिला हात लावला नाही तर ती आतल्या धातूचे रक्षण करते. पण धार जोरात पडली, लाटा उसळल्या, तर ती साय घडी होऊन धातूच्या पोटात जाते आणि तिथेच राहते. गोठल्यावर ती घडी म्हणजे एक तयार भेग. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन कॅम्पबेल यांनी आयुष्यभर याचा पाठपुरावा केला. त्यांनी दाखवलेली मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे : द्रव धातूचा वेग सेकंदाला साधारण अर्ध्या मीटरच्या आत असावा.

अर्धा मीटर म्हणजे अगदी सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. कोणतीही वस्तू अवघी सव्वा सेंटिमीटर खाली पडली की तिला एवढा वेग येतो! हातभर उंचीवरून पडणारी धार म्हणजे तर धबधबाच. म्हणून चांगल्या फाउंड्रीत धातू वरून थेट वस्तूत पडू देत नाहीत. तो आधी एका बाजूच्या नळीतून खाली नेतात आणि साच्याच्या तळातून हळूहळू वर चढू देतात. कुठे मूस आणि साचा एकत्र जोडून दोन्ही एकदम कलंडतात, म्हणजे धातू पडत नाही, सरकतो. ताकाला फेस यावा म्हणून आपण उंचावरून ओततो. ओतारी नेमका तोच फेस टाळीत असतो.

धार तुटली की

वेगाची मर्यादा पाळायची, पण थांबायचे मात्र नाही. ही या विद्येतली दुसरी अडचण. मुंबईकराला ती सांगायला नको, कारण इमारतीचा स्लॅब घालताना त्याने ती पाहिली आहे. संध्याकाळी सुरू केलेले काम मध्यरात्र झाली तरी थांबवत नाहीत. का? तर आधी ओतलेले काँक्रीट घट्ट झाल्यावर त्याला लागून नवे ओतले, तर दोहोंत एक सांधा राहतो आणि पुढे त्याच रेषेने पावसाळ्यात पाणी झिरपते. धातूतही असेच. साच्यात दोन बाजूंनी येणारे प्रवाह भेटेपर्यंत थंडावले, तर ते एकमेकांना चिकटून बसतात, एकजीव होत नाहीत. वरून पाहता वस्तू अखंड, आतून दोन.

आता विचार करा, की १५४९ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुहम्मद बिन हुसेन रूमी याने ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली तेव्हा काय झाले असेल! वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांहून अधिक. तिच्या तोंडावर सिंहाचा जबडा कोरलेला आहे. एवढे कासे वितळवून ठेवायचे आणि त्याचा ओघ खंडू न देता साच्यात उतरवायचा. विजेरी भट्टी नाही, उष्णता मोजायला यंत्र नाही. होता तो ज्वाळेचा रंग आणि तो ओळखणारा डोळा. आज ती तोफ विजापूरच्या तटावर आहे.

यंत्रे आली म्हणून ओतकामातले संकट संपले, असे मात्र नव्हे. अमेरिकेत पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीसाठी दोनशे इंच, म्हणजे पाच मीटरहून रुंद, काचेचा आरसा हवा होता. कॉर्निंग येथील काच कारखान्यात २५ मार्च १९३४ रोजी पळ्या भरभरून वितळलेली काच साच्यात ओतू लागले. आरसा हलका व्हावा म्हणून साच्यात विटांचे ठोकळे बोल्टांनी बसवले होते. उष्णतेने बोल्ट सैल झाले आणि ठोकळे सुटून काचेवर तरंगू लागले. काही महिन्यांची तयारी सर्वांच्या डोळ्यांदेखत बिघडली. मंडळींनी ठोकळे बसवण्याची रीत बदलली आणि २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरा आरसा ओतला. तो दहा महिने सावकाश थंड केला. हाच आरसा पुढे पालोमारच्या दुर्बिणीत बसला आणि त्याने विश्वाच्या मोजमापाला नवे आकडे दिले. फसलेला पहिला आरसा कॉर्निंगच्या संग्रहालयात आजही लोकांना दाखवतात, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

अक्षराएवढे ओतकाम

पंचावन्न टनांवरून आता चिमूटभर धातूवर येऊ. ओतकामाने मराठी माणसावर सर्वांत मोठे उपकार केले ते या चिमटीतून. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ही विद्या उचलली, १८६४ साली मुंबईत स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या अक्षरांमागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृका साच्याच्या तळाशी बसवून वरून धातू ओतायचा. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरे मिळून देवनागरीला असे शेकडो खिळे लागतात.

हा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचे मिश्रण. नुसते शिसे मऊ पडते. अँटिमनीने त्याला कठीणपणा येतो आणि आकसणेही कमी होते, कथिलाने ते बारीक रेघांत नीट शिरते. तरीही हाताने खिळा ओतणारा कारागीर धातू ओतताक्षणी साच्याला वर एक झटका देत असे. त्या झटक्यासरशी धातू अक्षराच्या कोपऱ्यापर्यंत पोचे. झटका कमी पडला तर ‘श’ची गाठ बोथट.

काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून पुढची कित्येक दशके आपले दिवाळी अंक अशा ओतीव अक्षरांतून उमटले. आज संगणकाने ते काम घेतले आहे. पण आपल्या डोळ्यांना सवयीचे झालेले देवनागरीचे सुबक, गोल वळण घडले ते धातूच्या खिळ्यांत.

भट्टीपुढचा माणूस

शेवटी पुन्हा रूळ ओलांडून धारावीकडे जाऊ. इथे मुशीत वितळते ते आपणच फेकलेले. शीतपेयांचे डबे, चेपलेली पातेली, मोटारींचे तुटके भाग. वरचा मळ पळीने बाजूला सारायचा आणि पळीपळीने साचे भरायचे. मुशीपुढची माणसे बहुधा परप्रांतांतून आलेली आणि तरुण असतात.

यांचा खरा वैरी आग नव्हे, पाणी. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे लिटरांहून अधिक जागा मागते. ओलसर साच्यावर किंवा डब्यात दडलेल्या पाण्यावर वितळलेला धातू पडला, तर ती वाफ धातूला घेऊनच वर उसळते. यात स्फोटाचा आवाज असतो आणि सहाशे अंशांचे थेंब. मुंबईचा पावसाळा तर या धंद्याचा सावत्र भाऊ. भंगार ओले, हवा ओली. दमट हवेतला हायड्रोजन पातळ ॲल्युमिनियममध्ये सहज विरघळतो आणि धातू गोठताना बाहेर पडू पाहतो. मग लगडीत बारीक बारीक छिद्रे राहतात. म्हणून भंगार आधी तापवून कोरडे करणे, साचा शेकून घेणे, पळीसुद्धा भट्टीच्या काठावर गरम करून मगच बुडवणे, हे सारे धार सुरू होण्याआधी झाले पाहिजे.

मोठ्या कारखान्यांत यासाठी तोंडावर जाळी, अंगावर चामडी पोशाख, पायांत जाड बूट आणि धूर ओढून घेणारे पंखे असतात. लहान भट्ट्यांत पुष्कळदा यांतले काहीच नसते. असतो तो सराव. सराव ही मोठी गोष्ट आहे, पण पायावर उडालेल्या थेंबाला सराव अडवू शकत नाही. बूट अडवतो. बुटाची किंमत लगडीच्या किमतीत धरली जावी, एवढी मागणी जास्त आहे असे मला वाटत नाही.

आपल्याकडून होण्याजोगी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. डबा कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्यातले पाणी ओतून टाकावे आणि तो कोरडा करून ओल्या कचऱ्यापासून वेगळा ठेवावा. त्या डब्याचा पुढचा मुक्काम कदाचित एखाद्या मुशीत आहे आणि तिच्यापुढे एक माणूस उभा आहे.

घरातला बिडाचा तवा किंवा जुन्या शिवणयंत्राचे चाक एकदा उजेडात धरून पाहा. कडेने एक बारीक उंचवटा गेलेला दिसेल. तिथे साच्याचे दोन भाग जुळले होते. कुठेतरी घासून सपाट केलेली एक जागा सापडेल. धातू आत आला तो तिथूनच. बाकी सगळीकडे काहीच दिसणार नाही. ओतणाऱ्याचा हात स्थिर होता, याची हीच खूण.